इज, आर आणि आमचे हे

गणपती उठले, पितृपक्ष लागला की आमच्या जबलपुरात दोन गोष्टी एकदम उगवतात. चौकाचौकात देवीच्या मांडवाचे बांबू आणि विजेच्या खांबांवर कोचिंगचे फलक. बांबूंचं मला काही नाही. फलक मात्र मला सुखाने चालू देत नाहीत. परवा रेवाला, म्हणजे माझ्या मुलीला, घेऊन चपला घ्यायला निघाले होते. नाक्यावर एक भलामोठा नवा फलक. आमच्याकडचा प्रत्येक शिक्षक अनुभवी आहे, असं इंग्रजीत सांगायचं होतं बिचाऱ्यांना, पण 'ईच ऑफ अवर टीचर्स'च्या पुढे 'इज'च्या जागी ठळक अक्षरांत 'आर' ठोकलेला. मी तिथेच थांबले. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले, रेवाने हात ओढला, तरी माझे डोळे त्या 'आर'वरून हलेनात. पर्समधून पेन काढलं नाही, एवढंच काय ते भान राखलं.

दरवर्षी या दिवसांत मला हे असं होतं. हवेत ओलावा असतो आणि ऊनही भाजत असतं, पंखा लावावा तर गार वाटतं, बंद करावा तर घाम येतो. कामं हातातून सुटतात. गॅसवर दूध ठेवून मी कपडे वाळत घालायला जाते आणि गच्चीवर उभी राहून आपण इथे कशाला आलो ते आठवत बसते. सासूबाई खालून हाक मारतात तेव्हा दूध उतू गेलेलं असतं. घरात सगळ्यांना आता ठाऊक आहे, हिचा तो मोसम लागला. तो मोसम म्हणजे रेवा बालवाडीत होती त्या वर्षीचा, मी शेवटच्या वेळी बँकेच्या परीक्षेला बसले तेव्हाचा.

शेवटच्या वेळी, कारण त्यानंतर माझं वय बसणार नव्हतं. आधीच्या दोन्ही खेपांना गणित निघालं होतं, डोकं चालवायचे प्रश्नही निघाले होते, आणि इंग्रजीने घात केला होता. इंग्रजीत वेगळे किमान गुण लागायचे, ते काही पडेनात. घरात मग चहा पिता पिता करार झाला. ही एकदाची परीक्षा दे. निघाली तर आनंदच, नाही तर पुस्तकं रद्दीत, आणि रेवाला भावंड हा जो विषय सासूबाई प्रत्येक सणाला काढत, त्याला मी नाही म्हणायचं नाही. करार गोडीत झाला, कुणी आवाज चढवला नाही. मीही मान हलवली. पण मला ती नोकरी किती हवी होती ते मी कुणाला धड सांगितलंच नाही. सकाळी वेणी घालून, खांद्याला पर्स लावून, आपल्या हाताने दार ओढून घ्यावं आणि बाहेर पडावं, एवढंच दिसायचं मला. पोळ्या लाटतानाही दिसायचं. त्या ओढलेल्या दाराचा आवाज मला इतका हवा होता की कधीकधी भरल्या घरात रडू यायचं.

क्लास एका स्टेशनरीच्या दुकानावर होता. जिना अरुंद, वर पत्र्याचं छप्पर. सर माझ्यापेक्षा लहान. मुलं तर त्याहून लहान, पुष्कळशी सिहोऱ्याहून पहिल्या बसने यायची, डब्यातला पराठा मागच्या बाकावर बसून खायची. पहिल्याच दिवशी एका मुलीने सरकून जागा दिली आणि म्हणाली, आंटी, इधर बैठ जाइए. मी बसले. ज्या पोरांशी आपल्याला एका जागेसाठी झटायचं आहे त्यांनी आपल्याला आंटी म्हणावं, याचा राग कुणावर काढणार?

सरांनी घरच्या माणसांवर चार-चार वाक्यं लिहायला सांगितली. मी झरझर लिहिली. सरांनी वह्या फिरून पाहिल्या आणि माझ्यापाशी येऊन थबकले. मग मोठ्याने वाचलं, 'माय हजबंड आर वर्किंग इन रिछाई.'

"मैडम," सर अगदी शांतपणे म्हणाले, "हसबैंड कितने हैं आपके?"

सगळा वर्ग हसला. मी 'एकच' म्हणाले, तर आणखी हसला. कान तापले माझे, पण मीही हसले, करते काय.

परतताना ऑटोत मात्र मी तेच घोळवत बसले. एक माणूस असेल तर 'इज', हे मला येत नव्हतं का? पाचवीतल्या पोराला येतं. पण आमचे हे कधी एक नसतातच ना. हे आले, हे जेवले, हे निघाले, हे रागावले. लग्न झाल्यापासून माझ्या तोंडाने या एका माणसाचे अनेक केले होते. तोंडाला लागलेली सवय हाताला लागली होती, आणि हात एकदम त्यांना 'इज' म्हणायला धजत नव्हता. संध्याकाळी रिछाईच्या कारखान्यातून हे घरी आले (पाहा, आले) आणि मी त्यांना सांगितलं. हे हात धुता धुता हसले. म्हणाले, बरोबर तर लिहिलं तू, एक जण तिकडे मशीनवर राबतो आणि एक इकडे तुझं ऐकून घेतो.

वर्गातली मुलं हसली खरी, पण त्यांच्यातल्या निम्म्यांनी 'माय फादर आर' लिहिलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. हिंदीतही 'पापा आ रहे हैं'च असतं. मला जागा देणाऱ्या त्या सिहोऱ्याच्या मुलीने तर 'माय मदर आर' असंही लिहिलं होतं. तिथे मी चटकन माझी वही पाहिली. माझ्या वहीत 'माय मदर इज' होतं. अगदी बरोबर, सरांची बारीकशी खूणही होती. मला बरं वाटलं, आणि मग जिना उतरताना ते बरं वाटणं कुठेतरी अडलं.

कारण ते वाक्य मी इंग्रजी येतं म्हणून बरोबर लिहिलं नव्हतं. बाबा आले, आई आली. सासरे होते तेव्हा सासरे आले, सासूबाई आल्या, आणि आई? आई आली. माझ्या आईला आम्ही भावंडांनी कधी अनेकवचन दिलंच नव्हतं, म्हणून तिथे चुकायला वाव नव्हता. मग मी स्वतःशीच भांडायला लागले. अगं, ते प्रेमाचं एकवचन. देवालाही आपण एकवचनानेच हाक मारतो. नर्मदामैयाला कुणी अहो म्हणतं का? सगळं खरं. तरी मन काही ऐकेना. मी आपल्या तोंडाने सांगते तेव्हा 'मी आले', आणि ह्यांचंही 'हे आले', दोघांचं रूप एक. दुसऱ्या कुणी माझ्याबद्दल सांगितलं की लगेच 'ती आली'. इतकी वर्षं हीच भाषा बोलत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. 'इज' आणि 'आर'ने मला नको तिथे डोळे दिले होते.

सरांचा एक मंत्र होता. वाक्य कितीही लांब असो, कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये जे काही भरलेलं असेल ते पेन्सिलीने उडवायचं. "बीच का कचरा काटिए, मैडम. कर्ता पकड़िए." आंब्यांची पेटी असेल तर आंबे उडवा, पेटी उरते, पेटीला 'इज'. मला हे फार आवडलं. घरी येऊन मी पानंच्या पानं अशी उडवली. पण पेन्सिल खाली ठेवली की तो मंत्र दिवसभर कानात वाजत राही. सकाळी उठले इथपासून रात्री पडले इथपर्यंतच्या मध्ये काय काय होतं? रेवाचा डबा, ह्यांचा डबा, नळाचं पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, धुणं, पुन्हा नळाचं पाणी. हा सगळा मधला कचरा म्हणावा तर तो उडवल्यावर दिवसात उरतं काय? आणि न उडवावा तर त्यात कर्ता कुठे आहे? तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची.

सर्वपित्रीला आम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेलो. ह्यांना तर्पण करायचं होतं. घाटावर ही गर्दी, फुलांचे द्रोण, ओले पंचे, नावाड्यांच्या हाका. ह्यांच्या शेजारी बसून गुरुजी नावं घेत होते, बाप, आजोबा, पणजोबा, मग आजी, पणजी, खापरपणजी. एकेक नाव त्याच साच्यातून निघत होतं, त्याच शेपटाने संपत होतं. मी पायरीवर रेवाचा हात धरून उभी होते आणि माझ्या मनात काय यावं? पॅरललिझम. त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं की एका ओळीत बसवलेल्या सगळ्या गोष्टी एकाच रूपात हव्यात, पोहणं, धावणं आणि वाचणं, असं. दोन क्रिया आणि तिसरं भलतंच, हे चालणार नाही. गुरुजींचं एकही नाव ओळीबाहेर जात नव्हतं. मेल्यावर बायकाही पुरुषांच्या बरोबरीने त्याच रूपात म्हटल्या जातात, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. मला बरं वाटावं की वाईट, ते कळेना. तेवढ्यात एक नावाडी ओरडत गेला, नाव में बैठना, उस पार जाना और भंडारा. दोन क्रिया आणि एक भंडारा. माझी जीभ वळवळली. भंडारा खाना, भैया, असं मी पुटपुटले, आणि सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"काहून एवढी तगमग करून राहिली तू?" त्या म्हणाल्या. "घाटावर तरी उभी राहा ना जरा शांत."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण मला शांत उभं राहता येत नव्हतं, हे खरंच होतं.

नवरात्र लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव, त्याच्यावर भोंगे. सकाळच्या आरतीपासून जे सुरू व्हायचं ते दुपारी जरा थांबलं तर थांबलं. भोंग्याखाली बसून मी 'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज' घोकत होते. तो नियम मोठा चमत्कारिक आहे. राम आणि त्याचे भाऊ म्हटलं तर क्रियापद अनेकवचनी. पण राम, भावांसह, असं म्हटलं की भाऊ कितीही असोत, क्रियापद एकट्या रामाकडे बघतं. सोबत आलेल्यांना ते मोजतच नाही. त्याच दिवसांत एका लग्नाची पत्रिका आली. वर ह्यांचं नाव आणि पुढे 'सहकुटुंब'. मी ती पत्रिका हातात धरून हसायलाच लागले. सासूबाईंना वाटलं, लग्न कुणाचं आहे यावर हसते. मी, रेवा आणि त्या, आम्ही तिघी त्या एका शब्दात बसलो होतो, आणि क्रियापदाने आमच्यापैकी एकीलाही पाहिलं नव्हतं. हसता हसता मला चीडही आली. पत्रिका पाठवणाऱ्यांचा काय दोष, पण आली.

तोवर क्लासमध्ये माझी बढती झाली होती. आंटीची दीदी झाले होते. चुका शोधण्यात मी पोरांच्या पुढे गेले होते. पण गुण अजूनही कमीच पडत, आणि का ते सरांनीच शोधून काढलं. वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात शेवटचा पर्याय नेहमी तोच असतो, नो करेक्शन रिक्वायर्ड. वाक्य आहे तसं ठीक आहे, हात लावू नका. मी तो पर्याय कधीच निवडत नव्हते. कधीच म्हणजे कधीच. धडधाकट वाक्य समोर आलं तरी मला त्यात काहीतरी खुपायचं, इतकं सरळ कसं असेल असं वाटायचं, आणि मी ते बिघडवून यायचे. सरांनी माझे सगळे पेपर पुढ्यात पसरले आणि बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "गलती पकड़ना आपको आ गया, मैडम. अब सही को सही छोड़ना सीखिए. वो ज़्यादा कठिन है."

मला ते लागलं. माझं घर, माझा स्वयंपाक, रेवाची वेणी, ह्यांचा शर्ट, सासूबाईंनी चिरलेली भाजी, कुठे म्हणून मी हात न लावता राहिले होते? आणि स्वतःला तर मी रोज सकाळी आरशात लाल शाईनेच बघत होते.

परीक्षेचं केंद्र गावाबाहेर होतं. हे सुट्टी टाकून स्कूटरवर सोडायला आले. फाटकाशी शेकडो मुलं, हातात कागद, ओठ हलताहेत. ह्यांनी माझी पाण्याची बाटली धरली होती. तू काहून घाबरून राहिली, सगळं तर येते तुला, एवढंच म्हणाले आणि मग उगीचच स्कूटरचा आरसा पुसायला लागले.  आत जाऊन बसले. पडद्यावर वाक्यं यायला लागली. दोन-चार बरी गेली. मग एक आलं, 'द मदर, अलाँग विथ हर चिल्ड्रन, वॉज वेटिंग ॲट द स्टेशन.' 'वॉज वेटिंग'च्या खाली रेघ. पर्यायांत 'वेअर' होतं, 'आर' होतं, 'हॅव' होतं, आणि शेवटी नो करेक्शन रिक्वायर्ड.

मधलं उडव, मी मनात म्हणाले. मुलं उडाली. आई उरली. आई वाट बघत होती. एकटीच कर्ता. क्रियापद तिच्याकडेच बघत होतं, मुलांकडे नाही. कुठे काही चुकलेलं नव्हतं. तरी माझं बोट 'वेअर'वर जाऊन परत आलं, पुन्हा गेलं. आईबरोबर एवढी मुलं आहेत, त्यांना सोडून एकटीचं क्रियापद कसं, असं आतून कुणीतरी ढोसत होतं. वरती घड्याळ पळत होतं. मी डोळे मिटले, शेवटचा पर्याय दाबला आणि पुढचं वाक्य उघडलं. ते मी काय वाचलं, आजही सांगता येणार नाही.

मग निकालापर्यंतचे दिवस. दसरा गेला, दिवाळी गेली, पहिल्या परीक्षेतून वर जाऊन पुढची मोठी परीक्षाही दिली, थंडी पडली. मी सगळे दिवस उभ्याने काढले म्हटलं तरी चालेल. फराळाच्या करंजीला मुरड घालता घालता 'वॉज की वेअर' मनात यायचं. रद्दीवाल्याची हाक ऐकली की मी पुस्तकांपाशी जाऊन उभी राहायचे, कराराची आठवण कुणी काढू नये म्हणून. सासूबाईंनी काढली नाही. त्यांनी एकदा फक्त कपाटातलं एक जुनं बाळलेणं काढून पुसलं आणि परत ठेवलं. मी पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

निकाल ह्यांनी कारखान्यात मोबाईलवर बघितला आणि फोन केला. मागे मशीन इतकी खडखडत होती की मला 'निघाली' आणि 'निघालो' यांतलं काही कळेना. मला वाटलं, हे कामावरून निघाले. हे ओरडून ओरडून सांगत होते आणि मी विचारत होते, अहो, एवढ्या लवकर? शेवटी म्हणाले, परीक्षा निघाली तुझी, मी नाही निघालो. फोन ठेवून मी दारापाशी गेले, दार उघडलं आणि नुसतंच एकदा ओढून बघितलं.

नेमणूक सिहोऱ्याच्या शाखेत झाली. पहिल्या दिवशी सकाळी वेणी घातली, पर्स घेतली आणि दार ओढलं. स्टँडवर सिहोऱ्याहून आलेली बस रिकामी होत होती, पराठ्याचे डबे घेतलेली मुलं उतरत होती. ती सगळी उतरली आणि मी चढले.

संध्याकाळी परतले तेव्हा पाय सुजले होते. दिवसभरात मी इतक्या नव्या चुका केल्या होत्या की बसमध्ये त्याच उगाळत आले. सही चुकीच्या रकान्यात, एका शेतकरी आजोबांना भलत्याच खिडकीवर पाठवलेलं, साहेबांचं नाव चुकीचं उच्चारलेलं.  गल्लीत वळले तर रेवा सासूबाईंबरोबर खिडकीत बसलेली. रेवाचं मराठी तेव्हाही, आणि आजही, हिंदीच्या गल्लीतून फिरून घरी येतं. शाळेत, शेजारी, सगळीकडे तिच्या कानावर 'मम्मी आ गईं' पडायचं. ती खिडकीचे गज धरून उठली आणि ओरडली,

"आजी, आई आल्या."

सासूबाई हसायला लागल्या. "आल्या काय म्हणते गं? आल्या तर मी. आपली आई आली म्हणतात."

रेवा गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, कोणतं बरोबर ते सांगशील अशा डोळ्यांनी. घरात आता परीक्षा निघालेली मीच होते ना. मी पायरीवर उभी होते, एक चप्पल पायात, एक हातात. ते वाक्य साफ चुकीचं होतं. कोणत्याही मराठी शाळेत त्याच्याखाली रेघ आली असती.

"राहू द्या, आई," मी म्हणाले. "तिचं वाक्य बरोबर आहे."

 सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि ह्यांना सांगतानाचा त्यांचा आवाज मला ऐकू आला. चहा टाक रे, आई आल्या रेवाच्या.